गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगा: नागपुरात तो ओळखावा कसा, न्यावा कसा, टिकवावा कसा

नवतपा सरतो, पहिला दमदार पाऊस पडतो आणि आठ-दहा दिवसांत नागपुरातला प्रत्येक रिकामा प्लॉट हिरवा होतो. बेसा, हुडकेश्वर, मनीषनगर, हिंगणा रोड, कुठलंही नवं लेआउट घ्या. जिथे घर उभं राहिलेलं नाही तिथे गाजर गवत उभं राहतं. मग कुणी माणूस लावून ते कापून घेतं, कुणी तणनाशक मारतं, बाकीचे नाकाला रुमाल लावून पुढे जातात. पण त्याच गवतावर, शेंड्याच्या कोवळ्या पानांत, तुरीच्या दाण्याएवढा एक भुंगा मुक्कामाला असतो आणि तो हेच गवत खाऊन जगतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कृषी विद्यापीठाची माणसं आणि शेतकरी त्याला मेक्सिकन भुंगा म्हणतात. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा.

गेले काही पावसाळे मी आमच्या भागात हे भुंगे शोधतो, मोजतो, एका प्लॉटवरून दुसऱ्या प्लॉटवर नेतो. त्यातून जे कळलं ते, नव्याने सुरुवात करणाऱ्याला उपयोगी पडेल अशा क्रमाने सांगतो. खर्च जवळजवळ शून्य आहे. लागतो तो वेळ, आणि झाड उपटण्याआधी ते नीट बघायची सवय.

आधी झाड ओळखा

गाजर गवत मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं, मेक्सिकोच्या आखाताभोवतालचं. आपल्याकडे त्याची ठळक नोंद 1955 साली पुण्यात झाली. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं आणि तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं, म्हणून लोकांनी त्याला काँग्रेस गवत हे नाव दिलं असं सांगितलं जातं. चटकचांदणी हेही त्याचंच नाव.

उगवल्यावर पहिले काही आठवडे ते जमिनीलगत पानांचा गोल झुबका धरतं. पानं गाजरासारखी कातरलेली, पण अंगावर बारीक लव असलेली आणि जरा राखाडी हिरवी. मग मधून दांडा वर निघतो, त्याला फांद्या फुटतात, आणि शेंड्यावर तांदळाच्या कणीसारखी पांढरी फुलं येतात. झेंडूची रोपंही लहानपणी अशीच कातरलेली दिसतात. पान चुरगळलं की झेंडूचा वास लपत नाही, पण त्यासाठी गाजर गवत हातात चुरगळायची वेळ येऊ देऊ नका. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे कित्येकांच्या कातडीवर पुरळ उठतं, आणि परागांनी शिंका व दम्याचा त्रास वाढतो. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि नाकातोंडावर मास्क एवढं तरी पहिल्या दिवसापासून हवंच. ज्यांना आधीच दमा आहे किंवा गाजर गवताची ॲलर्जी आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावं, नोंदी आपण ठेवाव्यात.

एक झाड हजारोंनी बिया टाकतं. उगवल्यापासून साधारण महिन्याभरात ते फुलावर येतं. हा महिना लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं गणित त्याच्याशी बांधलेलं आहे.

मग भुंगा

इकडे आलेल्या गाजर गवताचे शत्रू मात्र तिकडेच राहिले होते. म्हणून 1983 साली बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने मेक्सिकोतून हा भुंगा आणला, तो दुसऱ्या झाडांवर जगतो का हे बंदिस्त जागेत तपासलं आणि 1984 साली तो मोकळा सोडला. ऑस्ट्रेलियाने तो त्याआधीच, 1980 साली नेला होता. पुढे तो भारतात ठिकठिकाणी सोडला गेला, स्वतःही पसरला.

पूर्ण वाढलेला भुंगा सुमारे 6 मिलिमीटर लांब असतो. पाठ घुमटासारखी. डोकं आणि मानेचा भाग गडद तपकिरी, आणि पंखांवर मळकट पांढऱ्या रंगावर तपकिरी रेघा. या रेघा सरळ नसतात, मधेच वळतात, तुटतात. कुणी घाईत कुंचला फिरवावा तशा. एकदा नीट पाहिला की पुन्हा चुकत नाही.

नवख्यांना भुंगा सापडतो, पण अंडी आणि अळ्या नजरेतून सुटतात. अंडी लांबुळकी, पिवळसर, बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला, सुटी किंवा थोडी थोडी मिळून. चार-पाच दिवसांत त्यांतून अळी निघते. ती आधी पिवळट असते, वाढेल तशी पांढुरकी होते. पाठीवर कुबड आल्यासारखी गुबगुबीत, डोकं गडद. लहान अळ्या सरळ शेंड्याच्या आणि पानांच्या बगलेतल्या कोंबात शिरतात. माझ्या मते या भुंग्याचं खरं काम इथेच होतं. मोठा भुंगा पानं खातो ते डोळ्यांत भरतं, पण कोंब खाल्ला गेला की फूलच धरत नाही, आणि आपल्याला थांबवायचं आहे ते फूल.

दहा-पंधरा दिवस खाऊन अळी झाडावरून उतरते, मातीत शिरते आणि तिथे कोष करते. आठ-बारा दिवसांनी मातीतून नवा भुंगा वर येतो. म्हणजे अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा प्रवासही साधारण महिन्याचाच. झाडाला फुलायला महिना, भुंग्याला पिढी वाढवायला महिना. पावसाच्या सुरुवातीला भुंगे थोडे आणि झाडं अफाट, म्हणून पहिल्या फेरीत बहुधा झाड जिंकतं. आपण मदत करायची ती याच पहिल्या फेरीत.

कधी आणि कसं शोधायचं

नोव्हेंबरच्या आसपास भुंगे मातीत जाऊन निजतात आणि हिवाळा-उन्हाळा तिथेच काढतात. नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या पुढे, हा किडा जमिनीखाली निभावून नेतो याचं मला आजही नवल वाटतं. पावसाने माती भिजली की ते वर येतात. म्हणून पहिल्या चांगल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी शोधायला सुरुवात करा. मागच्या वर्षी जिथे दिसले होते तिथे आधी जा. जुलैच्या मध्यापासून संख्या वाढते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पोळ्याच्या सुमारास, ती सर्वांत जास्त दिसते. 16 ते 22 ऑगस्टला देशभर गाजर गवत जागरूकता सप्ताह पाळतात, तोही याच दिवसांत येतो. पहिल्यांदाच भुंगा बघणाऱ्याने हे दिवस निवडावेत.

सकाळी सात ते नऊ ही वेळ चांगली. दूरवरून झाडाकडे बघा. पानांना गोल भोकं, कडा कुरतडलेल्या, शेंडा बोडका, असं दिसलं की जवळ जा. हात लावायची घाई करू नका. धक्का लागला की भुंगा पाय आवळून खाली पडतो आणि गवतात मिसळून जातो. आधी झाडाखाली पांढरा रुमाल, जुनं वर्तमानपत्र किंवा उलटी छत्री धरायची आणि मग शेंडा हलकेच झटकायचा. छत्री मला सर्वांत सोयीची वाटते, पावसाळ्यात ती तशीही हातात असते.

सापडले नाहीत तर गाव-शहराच्या सीमेवरच्या जागा बघा. पडीक वावर, रस्त्याच्या कडेची न फवारलेली पट्टी, तलावांच्या मागची मोकळी जागा. फुटाळा, गोरेवाडा, अंबाझरीच्या बाजूला फिरायला जाणाऱ्यांनी चालता चालता कडेच्या गाजर गवताकडे नजर टाकावी. मात्र वनविभागाच्या किंवा कुणाच्या खासगी हद्दीतून परवानगीशिवाय काही उचलू नये. तरीही मिळाले नाहीत तर महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात जाऊन विचारावं. जबलपूरचं तण संशोधन निदेशालय याच विषयावर काम करतं.

हे दुसरे भुंगे, ते नव्हेत

तीन किड्यांशी गल्लत होते. काकडी-भोपळ्याच्या वेलावर दिसणारा एकसारखा तांबूस-नारिंगी भुंगा हा पीक खाणारा, त्याच्या पाठीवर रेघा नसतात. वांग्याच्या पानांची चाळण करणारा ठिपक्यांचा भुंगा हा ढालकिड्यांच्या कुळातला, त्याच्या अंगावर काळे ठिपके असतात. तिसरा नीट लक्षात ठेवा: तूर, भेंडी आणि जास्वंदाच्या फुलांवर बसणारा मोठा, लांबट, काळ्यावर केशरी पट्टे असलेला भुंगा. तो चिरडला तर त्याच्या अंगातल्या रसाने कातडीवर फोड येतात. रेघा आणि पट्टे यांतला फरक घरातल्या मुलांना आधी फोटोवर दाखवा आणि मगच बरोबर न्या.

आपला मेक्सिकन भुंगा चावत नाही, डंख मारत नाही, त्याच्यामुळे कातडीला काही होत नाही. खाज सुटते ती गवतामुळे.

पकडणे, नेणे, सोडणे

पहिल्या वर्षी मी दीडएकशे भुंगे प्लास्टिकच्या बरणीत भरले, पळून जाऊ नयेत म्हणून झाकण घट्ट लावलं आणि बरणी स्कूटरच्या डिक्कीत ठेवली. घरी पोचून एक काम उरकलं, तासाभराने बघितलं तर बरणीच्या आतून घाम सुटलेला आणि निम्म्याहून जास्त भुंगे तळाशी निपचित. वाफेने आणि कोंडल्याने मेले. पावसाळी उकाड्यात बंद डिक्की म्हणजे भट्टीच. ती चूक तुम्ही करू नका.

रुंद तोंडाचा डबा किंवा बरणी घ्या. झाकणाऐवजी मलमलचं किंवा जुन्या पातळाचं कापड बांधा. तळाशी कोरडा कागद, त्यावर गाजर गवताचे चार-पाच कोवळे शेंडे, फुलं काढून टाकलेले. शेंडे ओले नकोत, पाणी साचलं की भुंगे त्यात अडकतात. एका लिटरच्या बरणीत शंभर-सव्वाशेच्या वर भरू नका. डबा सावलीत, उघड्या हवेत ठेवा आणि त्याच दिवशी सोडा.

किती सोडायचे? एका जागेसाठी 500 ते 1000 पूर्ण वाढलेले भुंगे असावेत. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण ऑगस्टमध्ये भुंग्यांनी भरलेल्या एका प्लॉटवर दोघं जण दोन सकाळींत तेवढे गोळा करतात. ते सगळीकडे शिंपडू नका. वीस प्लॉटवर पन्नास-पन्नास सोडले की ते विखुरतात, पिढी वाढत नाही. एकच जागा निवडा आणि सगळे तिथेच, दहा-पंधरा पावलांच्या गोलात सोडा. वेळ संध्याकाळची, पाऊस थांबलेला असताना. बरणी झाडांच्या बुंध्याशी आडवी ठेवून कापड सोडा. ते आपले आपण बाहेर येतात.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. झाडं कोवळी, फुलावर न आलेली असावीत. पुढचे दोन महिने तिथे बांधकाम, नांगरणी, कापणी होणार नसावी. कीटकनाशक मारलेल्या पिकाला ती लागून नसावी. आणि पाणी साचत नसावं, कारण अळी मातीत कोष करते आणि आपली काळी माती पाणी धरून बसते. जरा उंचवट्याची, उताराची बाजू बघा. प्लॉट आपला नसेल तर मालकाला फोन करून परवानगी घ्या. कारण सांगितलं की बहुतेक जण हो म्हणतात.

सोडल्यावर राखण

खरी मेहनत इथून पुढे आहे. एका पावसाळ्यात आम्ही सोडलेले भुंगे छान लागले होते, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एका झाडावर तीस-चाळीस अळ्या दिसत होत्या. सोमवारी गेलो तर प्लॉट सपाट. सफाईच्या कंत्राटी माणसांनी गवत कापून, ढीग करून, पेटवून दिलं होतं. त्यांचा दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं. तेव्हापासून मी सोडलेल्या जागी चार बांबू रोवतो, त्यांना सुतळी बांधतो आणि एका पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहितो: ‘इथे गाजर गवत खाणारे भुंगे सोडले आहेत. कृपया सप्टेंबर अखेरपर्यंत कापू नये, फवारू नये, खणू नये.’ खाली फोन नंबर. ‘खणू नये’ विसरू नका, वर काहीच दिसत नसलं तरी निम्मी पिढी मातीत असते.

शेजाऱ्यांशी बोलावंच लागतं. आमच्या समोरच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “हे गवत काऊन ठेवून राहिले भाऊ तुम्ही? लेकरांच्या अंगाला खाज सुटते ना!” त्यांचं म्हणणं खरंच होतं. म्हणून आता मी कंपाउंडच्या भिंतीपासून, पायवाटेपासून आणि मुलं खेळतात त्या जागेपासून चार-पाच मीटरचा पट्टा स्वतः उपटून मोकळा करतो. उपटण्याआधी झाडं झटकून त्यांवरचे भुंगे आतल्या झाडांवर टाकतो. काकूंचा नातू आता दर रविवारी माझ्याबरोबर अळ्या मोजायला येतो.

मोजणी सोपी ठेवा. दर आठवड्याला ठरलेल्या दहा झाडांवर भुंगे किती, अळ्या किती, फुलावर आलेली झाडं किती, एवढे तीनच आकडे वहीत लिहायचे आणि त्याच कोपऱ्यातून एक फोटो काढायचा. पहिल्या पावसाळ्यात फार फरक दिसला नाही तर निराश होऊ नका. माझ्या अनुभवात तिसऱ्या पावसाळ्यात त्या प्लॉटचं रूप बदललं, ऑगस्ट अखेरीस नुसते दांडे उभे होते. मधल्या काळात शिकारी ढेकूण, कोळी, मुंग्या अळ्यांवर ताव मारतात. त्यांना मारायला काही फवारू नका, त्या फवाऱ्याने आधी आपलेच भुंगे जातील.

आमचं पीक खाईल का?

हा प्रश्न प्रत्येक शेतकरी विचारतो आणि विचारायलाच हवा. कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा यांना या भुंग्यापासून धोका नाही. त्याचं पोट गाजर गवताशीच बांधलेलं आहे. कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांचं झुडूप, ज्याला कुठे लांडगा तर कुठे शंखेश्वर म्हणतात, ते गाजर गवताचं जवळचं नातलग. त्यावर हे भुंगे कधीमधी खाताना दिसतात.

सूर्यफुलाची गोष्ट मात्र लपवू नये. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाची पानं कुरतडताना दिसले आणि मोठी ओरड झाली. भुंगे सोडणं थांबवावं अशी मागणी पुढे आली, सरकारने समिती नेमून तपास केला. शेजारच्या गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडले, की त्या चवीने भुंगे तिकडे वळतात, असं तेव्हाच्या अभ्यासातून पुढे आलं. सूर्यफुलावर पिढ्यान्‌पिढ्या वाढणारी कीड तो झाला नाही. तरीही कुणी सूर्यफूल लावलं असेल तर त्या वावराच्या धुऱ्याला लागून मी भुंगे सोडत नाही. धुऱ्यावरचं गवत तिथे हातानेच काढावं. ज्याच्या घासाचा प्रश्न आहे त्याच्याशी शास्त्राच्या नावाने वाद घालू नये.

भुंगा निजल्यावर

भुंगा नोव्हेंबरपासून रजेवर जातो, गाजर गवत जात नाही. नाल्याच्या काठी, नळाच्या गळतीपाशी, ओलिताच्या वावरात ते हिवाळ्यातही उगवतं. तिथे कुणाची वाट बघू नका. माती ओली असताना, फुलं येण्याआधी, मुळासकट उपटा. फूल नसलेलं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं, फुलावर आलेलं नको, बी खताबरोबर पुन्हा वावरात जातं. मिठाचं दाट पाणी फवारायचा सल्ला तुम्हाला मिळेल. फरशीच्या फटीत ठीक आहे, शेताच्या किंवा बागेच्या मातीवर नको, जमीन खारते.

मोकळी झालेली जागा मोकळी ठेवली तर गाजर गवतच परत येतं. त्यासाठी आपल्याकडे तरोटा आहे, पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच्या शेंगा वाळल्या की बी गोळा करून ठेवा आणि पावसाच्या तोंडावर त्या जागेवर फेका. तरोटा दाट उगवतो, सावली धरतो, गाजर गवताला वर येऊ देत नाही. कोवळ्या पानांची भाजी होते ती वेगळीच, पण रस्त्याच्या कडेचा किंवा फवारलेल्या प्लॉटवरचा तरोटा भाजीला घेऊ नका. भुंग्यांसाठी मधला एक वाफा मात्र गाजर गवताचा राहू द्या. सगळंच संपलं तर पुढच्या पावसात मातीतून वर आलेला भुंगा खाणार काय?

त्या वाफ्याचे चार बांबू मी उन्हाळ्यात काढत नाही. सुतळी कुजते, ती जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी बांधतो, आणि पाटीवरची अक्षरं पुन्हा गिरवतो.